फॉरवर्ड करण्याआधी दोन मिनिटं थांबा. पाठवलेला मेसेज परत बोलावता येत नाही

सकाळी चहाच्या आधी फोन हातात येतो. गावाच्या ग्रुपवर रात्रीतून चाळीस-पन्नास मेसेज पडलेले असतात. त्यात कुणाचा वाढदिवस असतो, कुणाच्या दशक्रिया विधीची वेळ असते, बाजारभाव असतो, डीपी जळाल्याची तक्रार असते आणि मधेच एखादा मेसेज असतो: "सावधान! आपल्या भागात टोळी फिरतेय. जास्तीत जास्त लोकांना पाठवा." वाचणारा माणूस पूर्ण वाचत नाही. अंगठा फॉरवर्डच्या बाणावर जातो आणि तोच मेसेज पाहुण्यांच्या ग्रुपवर, दूध डेअरीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर जाऊन पडतो. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम.

पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट चार लोकांचं भलं व्हावं, कुणी फसू नये, म्हणूनच तो पाठवतो. पण महाराष्ट्रात अशाच मेसेजमुळे माणसं मेली आहेत, शेतकऱ्यांचा माल मातीमोल झाला आहे आणि लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. म्हणून पाठवण्याआधी दोन मिनिटं काय बघायचं, हे प्रत्येकाला माहीत असायला हवं.

राईनपाड्यात काय घडलं?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावात आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. हा समाज भटका. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय.

त्याआधी कितीतरी दिवस मोबाईलवर मेसेज फिरत होते की मुलं पळवणारी टोळी आली आहे. गावात अनोळखी माणसं दिसली आणि लोकांना मोबाईलवरची टोळी डोळ्यासमोर दिसायला लागली. जमावाने पाचही जणांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेही मारलं. पाचही जणांचा जीव गेला. त्यांच्याकडे पळवलेलं मूल नव्हतं. कुठल्या टोळीशी त्यांचा संबंध नव्हता.

त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात याच संशयावरून जमावाने काही जणांना घेरलं. त्यांच्यासोबत तर त्यांचं स्वतःचं लहान मूल होतं. पोलीस वेळेत पोहोचले म्हणून ते वाचले.

दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. लॉकडाऊनचे दिवस होते. त्या भागातही रात्री चोर फिरतात, मुलं पळवतात, अशा अफवा आधीपासून सुरू होत्या.

आता त्या मेसेजमधल्या 'पुराव्या'कडे बघू. २०१८ मध्ये देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारं पोरगं उचलतात आणि निघून जातात. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकेल असा. प्रत्यक्षात तो पाकिस्तानातल्या कराची शहरात मुलांच्या सुरक्षेबद्दल जनजागृतीसाठी बनवलेला व्हिडिओ होता. मूळ व्हिडिओत शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि पालकांनी सावध राहावं असा फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला, त्याला आपल्याकडचा मजकूर जोडला आणि पाठवून दिला. पुढे लाखो लोकांनी तो खरा समजून ढकलला.

राईनपाड्यातल्या गुन्ह्यात पोलिसांनी वीसपेक्षा जास्त लोकांना अटक केली. म्हणजे पाच घरं उघडी पडली ती पडलीच, पण गावातली कितीतरी घरंही कोर्ट-कचेरीच्या फेऱ्यात अडकली. ज्याने तो मेसेज पहिल्यांदा बनवला तो मात्र कुठे आहे, कुणाला माहीत नाही.

कोंबडीची अफवा आणि मक्याचा भाव

दुसरं उदाहरण थेट शेतकऱ्याच्या खिशातलं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये कोरोनाच्या बातम्या यायला लागल्या. त्याबरोबर व्हॉट्सॲपवर कोंबड्यांचे फोटो फिरायला लागले. "चिकन खाल्ल्याने कोरोना होतो" असा मजकूर त्याला जोडलेला. त्याला शास्त्रीय आधार काही नव्हता. पशुसंवर्धन विभाग, डॉक्टर, मंत्री सगळे सांगत होते की नीट शिजवलेल्या चिकन-अंड्यांना धोका नाही. ठिकठिकाणी चिकन महोत्सव भरवून लोकांना फुकट जेवण दिलं गेलं. पण तोवर मेसेज सगळीकडे पोहोचला होता.

लोकांनी चिकन सोडलं. ब्रॉयलरचा भाव इतका पडला की उत्पादन खर्चही निघेना. काही पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले, काहींनी खड्डे खणून पिल्लं पुरली. नुकसान तिथेच थांबलं नाही. कोंबडीच्या खाद्यात मोठा भाग मक्याचा आणि सोयापेंडीचा असतो. पक्षीच कमी झाले म्हणून खाद्याची मागणी घटली आणि मक्याचे भावही उतरले. म्हणजे ज्या शेतकऱ्याने कोंबडीचा मेसेज चार ग्रुपवर टाकला, त्यानेच नकळत आपल्या घरात पडलेल्या मक्याचा भाव पाडायला हात लावला.

त्याच वर्षी मे महिन्यात टोमॅटोची पाळी आली. नगर जिल्ह्याच्या काही भागात टोमॅटोवर विषाणूजन्य रोग आला होता. तो झाडाचा रोग. झाडावरचे असे विषाणू माणसाला होत नाहीत. पण "टोमॅटोत नवा व्हायरस, कोरोनापेक्षा भयंकर" असं चित्र उभं राहिलं आणि रोग नसलेल्या टोमॅटोलाही गिऱ्हाईक मिळेना.

'ओळखीच्याने पाठवलंय' हा पुरावा नाही

गावात विश्वास माणसावर असतो. "सरांनी पाठवलंय", "भाऊच्या नंबरवरून आलंय" म्हटलं की शंका घ्यायची नाही. ठगांना हे बरोबर माहीत आहे.

पीएम किसानच्या नावाने फिरणारी फाईल त्याचं उदाहरण. योजनेत वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. हप्त्याची तारीख जवळ आली की "केवायसी करा नाहीतर हप्ता बंद" असा मेसेज येतो आणि त्याखाली एक फाईल असते. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी इंग्रजी तीन अक्षरं असतात. याचा अर्थ ते कागदपत्र नाही, ते ॲप आहे. ते उघडून इन्स्टॉल केलं की परवानग्या मागतं. लोक घाईत 'अलाऊ' दाबत जातात. मग बँकेचा ओटीपी ठगाला वाचता येतो. अनेकदा माणसाचं व्हॉट्सॲपही त्यांच्या ताब्यात जातं आणि तीच फाईल त्याच्या नावाने सगळ्या ग्रुपवर आपोआप पडते. ग्रुपमधले म्हणतात, आपल्या माणसाने पाठवलंय, आणि तेही उघडतात.

असाच प्रकार लग्नपत्रिका, आरटीओचं चलन आणि वीजबिलाच्या नावानेही चालतो. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफमध्ये येते, ॲपमध्ये येत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ लोक वाचतील.

मेसेज तपासायचा कसा?

यासाठी फार शिक्षण लागत नाही. खालच्या गोष्टी क्रमाने बघाव्यात.

१. बाण बघा. मेसेजच्या वर एक बाण आणि 'फॉरवर्डेड' लिहिलं असेल तर तो पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही. दोन बाण असतील तर तो पाच किंवा जास्त हातांतून फिरत आलेला आहे. अशा मेसेजला आधी शंकेनेच बघावं. २०१८ च्या त्या घटनांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. कंपनीने बटण अवघड केलं, बाकीचा ब्रेक माणसाने स्वतः लावायचा आहे.

२. तारीख शोधा. "आज रात्री", "उद्यापासून", "येत्या ४८ तासांत" असं लिहिलेलं असतं, पण तारीख नसते. असा मेसेज आजचा आहे की तीन वर्षांपूर्वीचा, कळायला मार्ग नाही. जुने पावसाचे इशारे दरवर्षी असेच परत फिरतात. "उद्या गारपीट" वाचून कुणी मजूर परत पाठवतो, कुणी कच्चा कांदा घाईने काढून घेतो. हवामानाचा मेसेज पुढे पाठवण्याआधी हवामान विभागाच्या 'मौसम' किंवा 'मेघदूत' ॲपवर आपल्या जिल्ह्याचा अंदाज बघावा.

३. गाव आणि माणूस शोधा. "आपल्या शेजारच्या गावात" म्हणजे नेमकं कोणतं? गावाचं नाव असेल तर तिथल्या पाहुण्याला, पोलीस पाटलाला एक फोन लावावा. मुलं पळवल्याच्या बहुतेक मेसेजचा निकाल एका फोनवर लागतो.

४. फोटो-व्हिडिओत आवाज आणि पाट्या बघा. लोक कुठली भाषा बोलतात, गाडीची नंबरप्लेट कुठली आहे, दुकानावरची पाटी कुठल्या लिपीत आहे, कपडे कसे आहेत? फोटो जुना वाटला तर गुगल लेन्समध्ये टाकून बघता येतो. तोच फोटो आधी कुठे आणि कधी आला होता, ते बऱ्याचदा समोर येतं.

५. लिंक दाबण्याआधी वाचा. केंद्राच्या आणि राज्याच्या सरकारी संकेतस्थळांचा पत्ता साधारणपणे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'वर संपतो. पत्त्यात पहिल्या तिरप्या रेषेच्या आधी काय लिहिलंय ते बघायचं. नुसतं मधे कुठेतरी 'पीएमकिसान' लिहिलं म्हणून ते सरकारी होत नाही.

६. दिलेल्या नंबरवर आधी स्वतः फोन करा. "तातडीने रक्त पाहिजे", "मुलगा सापडलाय, आईवडिलांपर्यंत पोहोचवा" हे मेसेज वर्षानुवर्षं फिरतात. रुग्ण केव्हाच घरी गेलेला असतो, मुलगा केव्हाच आईकडे पोहोचलेला असतो आणि त्या घराला मात्र रोज अनोळखी फोन येत राहतात. गरज खरी आणि आजची असेल तर जरूर पाठवावं. मात्र "आज सकाळी दहाला फोन करून खात्री केली" अशी एक ओळ जोडावी.

७. शेवटची ओळ बघा. "दहा ग्रुपवर पाठवा", "खऱ्या बापाचा असशील तर शेअर कर", "मीडिया हे दाखवणार नाही" असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे लिहिणाऱ्याला तुम्ही विचार करायला नको असतो. खरी सूचना कुणाला शपथ घालत नाही.

केंद्र सरकारच्या योजनेबद्दलचा मेसेज खरा की खोटा हे विचारायचं असेल तर पीआयबी फॅक्ट चेकच्या ८७९९७११२५९ या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवता येतो. पिकाबद्दलचा सल्ला खरा का, हे किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या मोफत नंबरवर विचारता येतं. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त. खरोखरच कुणावर संशय आला तर ११२ वर पोलिसांना कळवावं, मुलाच्या संदर्भात १०९८ वर. ग्रुपवर फोटो टाकून कुणालाही टोळीवाला ठरवू नये.

स्वतः लिहिलेला मेसेजही परत वाचा

चुका फक्त फॉरवर्डमध्ये होतात असं नाही. आपण स्वतः लिहिलेल्या मेसेजमध्येही होतात आणि गावाकडे त्याची किंमत मोठी असते.

आता बरेच जण टाइप करत नाहीत, फोनमध्ये बोलतात आणि फोन लिहितो. "फवारणी करू नका" म्हटलेलं "फवारणी करू का" असं उमटतं. एक 'न' गळाला की सल्ल्याचा प्रश्न होतो, आणि "पाणी सोडू नका" ऐवजी उलटंच काही गेलं तर रात्री मोटर चालू होते.

औषधाचं प्रमाण तर दोनदा नाही, तीनदा वाचावं. कुणी विचारलं आणि आपण लिहिलं "३० मिली". पण ते पंधरा लिटरच्या पंपाला की एकराला? सोबत औषधाचं पूर्ण नाव, पीक आणि पाण्याचं माप लिहिलं नाही तर वाचणारा आपल्या मनाने जोडून घेतो. तणनाशकात एवढी चूक उभं पीक जाळते. सगळ्यात बरं म्हणजे लेबलचा स्पष्ट फोटो पाठवावा.

वेळ लिहिताना "सातला" लिहू नये, "सकाळी ७" की "रात्री ७" ते लिहावं. थ्री फेज लाईटची वेळ, ग्रामसभा, अंत्यविधी यात या एका शब्दावर लोकांची धावपळ ठरते. वारासोबत तारीख लिहावी. पैसे मागताना किंवा पाठवताना शून्यं मोजावीत.

आणि नाव बघावं. फोनमध्ये एकाच नावाचे चार जण असतात: दुकानवाला, मेहुणा, ट्रॅक्टरवाला आणि सोसायटीतला. आधार कार्ड, पासबुक, सातबारा यांचा फोटो पाठवताना वर कुणाचं नाव आहे, की तो अख्खा ग्रुप आहे, हे बघूनच बटण दाबावं.

चुकून गेला तर?

मेसेज दाबून धरला की 'डिलीट फॉर एव्हरीवन' असा पर्याय येतो. साधारण दोन दिवसांपर्यंत तो चालतो. इथे एक चूक बरेच जण करतात. घाईत 'डिलीट फॉर मी' दाबलं जातं. मग मेसेज फक्त आपल्या फोनमधून जातो, बाकी सगळ्यांकडे तसाच राहतो.

पण सगळ्यांसाठी डिलीट केला तरी तोवर ज्याने पुढे पाठवला किंवा फोटो काढून ठेवला त्याच्याकडचा जात नाही. म्हणून डिलीट करून गप्प बसू नये. त्याच ग्रुपवर सरळ लिहावं: "सकाळी टाकलेला मेसेज चुकीचा होता. खरी गोष्ट अशी आहे. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी हेही पाठवावं." यात कमीपणा नाही. उलट पुढच्या वेळी त्या माणसाच्या मेसेजवर लोक जास्त विश्वास ठेवतात.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ प्रमाणे लोकांत भीती पसरेल किंवा समाजासमाजात तेढ निर्माण होईल अशी खोटी माहिती, अफवा पसरवणं हा गुन्हा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मोबाईलवरून पाठवलेलं त्यात येतं. माहिती खरी मानायला वाजवी कारण होतं आणि हेतू वाईट नव्हता, असं असेल तर त्यातून सूट आहे. पण "मला आला, मी ढकलला" याला वाजवी कारण म्हणणं अवघड आहे. तपासून पाठवलं असेल तर सांगायला काहीतरी असतं.

ग्रुप ॲडमिनबद्दल गावात बरीच भीती आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचा मिळून तसा हेतू असल्याचं दिसावं लागतं. तरीही ॲडमिनच्या हातात आता दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय आहे. ती वापरावी. तणावाच्या दिवसांत 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' अशी सेटिंग लावावी. आणि चुकीचा मेसेज टाकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ग्रुपवर सगळ्यांसमोर न झापता वेगळा फोन करून सांगावं. अपमान झाला की माणूस मेसेज तपासत नाही, ग्रुप सोडतो आणि दुसरीकडे तेच टाकतो.

घरात ज्याला हे जमतं त्याने इतरांना शिकवावं. बहुतेक घरांत तो कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी असते. आजी-आजोबांना दोन बाण कुठे दिसतात एवढं जरी एकदा दाखवलं तरी फरक पडेल.

बाजारात नोट हातात आली की आपण ती उजेडात धरून बघतो, मगच खिशात घालतो. बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर आणि मुदत बघतो, पक्की पावती मागतो. मेसेजलाही तेवढंच बघायचं आहे. राईनपाड्याला त्या रविवारी बाजारात आलेल्या पाच जणांबद्दल कुणी एकाने जरी पोलीस ठाण्यात किंवा त्यांच्या गावी फोन लावून विचारलं असतं, तर ते कोण आहेत हे दोन मिनिटांत कळलं असतं.